अकरा गंगावनं

वसईच्या होळी भागातल्या जयवंतीला राग फार, असं सगळेच म्हणत. तो का येतो, हे मात्र कुणी विचारलं नाही. वसईपासून विरारपर्यंत लग्न कुणाच्याही घरचं असो, नवरीचा अंबाडा घालायला तीच हवी असे. सत्त्याण्णव साल उजाडेपर्यंत पार्लरं पुष्कळ झाली होती, केस कुरळे करायची मशिनं आली होती. जयवंतीनेही एक घेतलं होतं. पण पाच पेडांची वेणी वळून तिचा अंबाडा घालावा, कानाशी दोन कुरळ्या बटा सोडाव्यात आणि वरातीत नाचूनही एक आकडा ढळू नये, हे काम तिच्याच हातचं.

शिवाय तिच्याकडे वेणीत मिसळायची गंगावनं होती, खऱ्या केसांची. रिठ्याने धुऊन, सावलीत वाळवून, तेलाचं बोट फिरवून ती गुंडाळून ठेवी आणि लग्नसराईत भाड्याने देई. मेंदीसाठी बायका घोळक्याने येत, गंगावनासाठी एकेकट्या. "कोनाला सांगू नको गो," एवढं पुटपुटून पिशवी पदराखाली घालून निघून जात. जयवंतीने आजवर एकीचंही नाव काढलं नव्हतं. बाईने डोकं आपल्या हाती दिलं की ते झाकणं आपलं काम, असं तिचं साधं म्हणणं होतं.

शेजारच्या विनिताकाकींच्या दिपिकाचं लग्न विरारच्या अल्पेशशी ठरलं, तेव्हा पोरीचे केस कमरेखाली होते. मग तिला टायफॉइड झाला. जीव वाचला, पण केस मुठीमुठीने गळले. उरले ते खांद्यापर्यंत, तेही विरळ. मुलाकडच्यांना सांगून टाकू, असं दिपिका म्हणत होती. काकींनी तिला गप्प केलं आणि जयवंतीला गाठलं.

"बाय, आता तूच लाज राख."

"पोरीला ताप आला काकी, यात लाज कसली? सांगा नि मोकळ्या व्हा."

काकी रडायला लागल्या. रडणाऱ्या बाईपुढे जयवंतीचा राग कधी टिकला नाही. तिने सगळ्यांत लांब गंगावन बाहेर काढलं.

लग्नाच्या दिवशी अंबाडा असा जमला, की दिपिकासुद्धा आरशात बघतच राहिली. ती गौरीहरापुढे बसली आणि अल्पेशची कमळीआत्या सासरची वेणी घेऊन आली. ही फुलांची वेणी नवरीच्या अंबाड्यावर सासरच्या बाईनेच माळायची. जयवंती मदतीला वाकली, तर आत्याने तिला कोपराने बाजूला सारलं. "मला शिकवू नको," असं म्हणत तिने आकडा खुपसला. वेणी काही बसेना, तेव्हा जोरात ओढली. फुलांबरोबर गंगावनाचं टोक तिच्या हातात आलं.

आत्याने दिपिकाला दंडाला धरून हॉलमध्ये आणलं. "आमाला लांब केसांची पोर दाखवली, आन हे बघा काय हाय. आजून काय काय खोटं हाय ते कळल्याशिवाय अंतरपाट धरायचा नाय."

दोन्हीकडच्या बायका गोळा झाल्या. भटजी घड्याळाकडे बघत राहिले. विनिताकाकींनी सरळ जयवंतीकडे बोट केलं.

"आमाला काय म्हाईत? हिनेच घातलं, आमाला न इचारता."

जयवंतीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. एक खोटं बोलून काकींनी तिची पंधरा वर्षांची अब्रू भर मांडवात मातीला मिळवली होती. आणि समोर ओरडत होती ती कमळीआत्या, जी तीनच दिवसांपूर्वी तिच्याकडून पिशवी घेऊन गेली होती. एक नाव घेतलं असतं तरी पुरलं असतं. ते तोंडाशी आलं आणि जयवंतीने गिळलं.

"बरं, माजाच दोष," ती म्हणाली. "मंग मी माजा माल घेऊन जाते. ह्या हॉलात माजी अकरा गंगावनं हायत. एकेक सोडवून घेते, मंग अंतरपाट धरा नायतर नका धरू."

आणि आकड्यांचा डबा उचलून तिने एक पाऊल पुढे टाकलं.

बायकांचे हात आपोआप डोक्याकडे गेले. पहिला कमळीआत्याचा. सख्ख्या जावा एकमेकींच्या हातांकडे बघत राहिल्या.

"मला ताप आलेला आत्या, त्यात केस गेले," दिपिका म्हणाली. "मी सांगनार होते."

"ताप काय, कोनालाबी येतो," आत्या खोपा दाबून धरत म्हणाली. "चला, मुहूर्त जाईल."

जयवंतीने तिथेच, सगळ्यांदेखत, पोरीचा अंबाडा पुन्हा घातला. राग गेला नव्हता, पण दिपिकाचा एक केस तिने दुखवला नाही. अक्षता पडल्यावर विनिताकाकी ताट घेऊन आल्या.

"राग धरू नको बाय. येळच तशी होती."

"येळ तुमच्यावर आली काकी, आन नाव माजं घेतलंत. माज्याकडं नावाशिवाय दुसरं हाय काय?"

ती न जेवता निघून गेली.

आठवड्याभरात दहा पिशव्या परत आल्या, सगळ्या पोराबाळांच्या हातून. त्या बायकांतल्या एकीनेही पुढच्या सराईत तिला बोलावलं नाही. जयवंतीने कुणाचं नाव घेतलं नव्हतं, हात त्यांचे त्यांनीच वर नेले होते, तरी राग तिच्यावर. आणि धडधडीत खोटं बोललेल्या काकी प्रत्येक पंगतीला पहिल्या ओळीत. हे आठवलं की जयवंतीच्या हातातला कंगवा मधेच थांबे.

अकरावी पिशवी घेऊन दिपिका स्वतः आली, तोकड्या केसांना साधी क्लिप लावून.

"आई माफी मागनार नाय, ताई. म्हनून मी मागते."

"तू कशाला? तुजं काय चुकलं?" जयवंतीने तिला बसवलं, वाढलेली टोकं सारखी करून दिली, मानेवरचे केस झटकले. "जिचं चुकलं तिला येऊ दे."

काकींचं घर तिथून वीस पावलांवर होतं. मध्ये कुंपणसुद्धा नव्हतं. त्या आल्या नाहीत.