गांडुळांची पत्रिका

नवलाख उंबरे गावात, कारखान्याच्या भिंतीला लागून आबांचं वावर आहे. दोन वर्षं मी तिथे गांडुळं गोळा करायला जाते. गांडुळाच्या पेशींत कोणती जनुकं जागी झालीत ते पाहून त्याच्या अंगात पुढे किती विषारी धातू साठतील याचा अंदाज बांधायचा, हे माझं काम. आबा त्याला पत्रिका म्हणतात. 'काय म्हनती पत्रिका?' असं विचारून उत्तराची वाट न बघता कुदळ मारतात. गांडूळ निघालं की ओल्या मातीसकट तळहातावर घेतात आणि वर दुसरा हात धरतात. 'ऊन सोसत न्हाई त्याला.' मी ते नंतर वाटून त्याचा लगदा करते, हे त्यांना ठाऊक आहे.

निघताना पेंढ्यात गुंडाळलेली चार गावठी अंडी माझ्या पिशवीत ठेवायची, हा त्यांचा शिरस्ता. या खेपेला अंडी ठेवून झाल्यावर मी सांगितलं, पत्रिका वाईट आहे.

आबा बांधावरच्या कोंबड्यांकडे बघत राहिले. 'ह्या दिसभर तीच टिपत्यात,' ते म्हणाले. मग माझ्या पिशवीतून अंडी काढून त्यांनी सुनेच्या हातात दिली. 'दुपारच्याला कर आपल्याला. बाईंना नगं.'

निकाल पक्का झाल्याशिवाय बोलायचं नाही, म्हणून दोन वर्षं मी आबांना काही सांगितलं नव्हतं. पण आबांचं एकही अंडं मी आजवर खाल्लेलं नाही. तळेगावच्या वाटेवर ओढा लागतो. पहिल्या खेपेपासून मी अंडी तिथेच टाकत आले.