मंगळवारचा निरोप

कॅराव्हॅनची कल्पना माझी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना माझी कीव करायचं कुणाच्या मनात येणार नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही तिघे मित्र, तिघेही चाळिशीच्या आसपास. मी लंडनच्या पिनर भागात राहणारा, कौन्सिलच्या ऑफिसात खर्डेघाशी करणारा. दुसरा लंडनबाहेरच्या स्लाऊ गावचा, ट्रेडिंग इस्टेटमधल्या एका कारखान्यात फोरमन. तो मूळचा रत्नागिरीचा, म्हणून आम्ही त्याला रत्नागिरीकरच म्हणायचो. तिसरा वेम्बलीतला नागपूरकर, बिनलग्नाचा, शाळेत गणित शिकवायचा, बौद्ध घरातला आणि तोंडाचा फटकळ. बायकापोरांना घरी ठेवून स्कॉटलंडच्या पार उत्तर टोकाला जायचं, जिथं माणूस दिसायला तासभर गाडी हाकावी लागते, हे खूळ मी दोन वर्षं डोक्यात घेऊन बसलो होतो. कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडायचं चाकांवरचं घर, भाड्यानं आणली. ती ओढायची गाडी रत्नागिरीकराची आणि ती ओढता येणाराही तोच एकटा. मी एकदा रिव्हर्स घ्यायला गेलो तर कॅराव्हॅन एकीकडे, गाडी दुसरीकडे, आणि नागपूरकर हसून हसून खालीच बसला.

तो मुलूख मला आवडला नाही, खरं सांगतो. काळपट ओलं माळरान, झाडाचं नाव नाही, एका गाडीपुरता रस्ता आणि समोरच्याला वाट द्यायला मध्येमध्ये थोडी रुंद जागा. कधीकाळी माणसं राहत होती तिथं नुसते दगडी चौथरे उरलेले. पाऊस थांबला की चिलटं यायची, तीही अशी की पोह्यांचा घास तोंडात जाईपर्यंत त्यावर दहा बसलेली. पण मीच सगळ्यांना ओढून आणलेलं, मग 'वा, काय शांतता आहे!' असं दिवसातून चारदा मलाच म्हणावं लागायचं.

फोनची व्यवस्था अशी होती. रोज संध्याकाळी कुठं टेलिफोनचं लाल खोकं दिसलं की मी एकटा पिनरला फोन करायचो. माझी बायको रत्नागिरीकराच्या बायकोला, म्हणजे स्लाऊच्या वहिनींना, खुशाली कळवायची आणि त्यांचा काही निरोप असला तर मला सांगायची. रत्नागिरीकर म्हणायचा, "मला त्या खोक्यात घालू नका रे. कारखान्यात दिवसभर फोनच कानाला असतो."

मंगळवारी सहाच्या सुमारास एका वळणावर खोकं दिसलं. ते दोघं गाडीतच बसले. बायकोनं फोन उचलला तो घाईतच.

"अहो, नीट ऐका. स्लाऊच्या वहिनींच्या सासूबाई पडल्या. रत्नागिरीला हॉस्पिटलात ठेवलंय. शुद्धीवर आहेत, बोलतायत, मुलाला सारख्या विचारतायत. वहिनी म्हणाल्या, ह्यांना म्हणावं आत्ताच्या आत्ता फोन करा आणि निघा."

"कधी गेल्या?" मी विचारलं.

"अहो, गेल्या काय! पडल्या म्हणतेय मी."

"कळलं. सांगतो," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

मला वाटलं, मला सगळं कळलं. आपल्या लोकांत मरणाची बातमी कधी सरळ येते का? ती पाणी घालून येते. आधी 'जरा बरं नाही', मग 'हॉस्पिटलात ठेवलंय', आणि माणूस दारात पोचला की शेजारीण डोळ्याला पदर लावते. माझे वडील गेले तेव्हा साताऱ्याहून मला अगदी हेच सांगितलं होतं. शुद्धीवर आहेत, तुला विचारतायत. मी वेड्यासारखा देवाला विनवत तीस तासांचा प्रवास केला. घरी पोचलो तर अस्थीसुद्धा सावडून झाल्या होत्या. मला फसवल्याचा तो संताप माझ्या मनातून कधी उतरलाच नाही. त्यामुळे बायको काय सांगत होती ते मी ऐकलं कुठं? म्हातारी गेली, एवढंच धरून बसलो. गेलीच आहे तर याला ऊर फुटेस्तोवर कशाला पळवायचं, असं मी माझं मीच ठरवलं.

गाडीत येऊन बसलो. "काय म्हणतंय पिनर?" रत्नागिरीकरानं विचारलं.

"मजेत. सगळे मजेत."

मुक्कामाला पोचल्यावर तो पाण्याचा ड्रम भरायला गेला, तेव्हा मी नागपूरकराला बाजूला घेतलं आणि सांगितलं.

"मग लपवतो काहून बे?" तो म्हणाला. "मेली असो, जिती असो, आई त्याची आहे. तुझी नाही."

"हा रस्ता बघितलास? एका बाजूला खाली पाणी, मागे कॅराव्हॅन आणि चालवणारा तो एकटा. परवा मोठ्या रस्त्याला लागलो की मीच सांगतो. तोवर तुला माझी शपथ आहे."

"शपथबिपथ मी मानत नाही. तुमचं हे झाकपाक प्रकरण मला समजतच नाही," तो म्हणाला. पण गप्प बसला.

रस्त्याचं कारण खोटं नव्हतं. पण खरं सांगायचं तर मी भ्यायलो होतो. त्याचा चेहरा माझ्यासमोर पडणार, तो रडणार, मला त्याला धरावं लागणार, हे मला नको होतं. आणि माझी सुट्टी बुडणार होती. हेही होतं, लाज वाटते पण होतं.

बुधवारी एका छोट्या बंदरावर त्याला ताजे बांगडे मिळाले. गडी असा खुलला की विचारू नका. आईनं पाठवलेल्या मसाल्याची बरणी त्यानं बरोबर आणली होती. तव्याशी उभा राहून तो मोठमोठ्यानं सांगत होता, आई कशी बांगडे नीट करते, कसं तिखट लावते, शेपटीकडचा भाग कसा मुद्दाम त्याच्यासाठी ठेवते. माझ्या हिशेबी त्याला सुतक लागलेलं. आणि मी त्याच्यासमोर मांडी घालून जेवत होतो. मी ताटातला बांगडा नुसता चिवडत बसलो, तर म्हणतो कसा, "अरे, लाजतोस काय? घे अजून."

दुपारी गावातल्या दुकानात शिरला तो आईसाठी लोकरीची शाल घ्यायला. दोन शाली माझ्यापुढे धरल्या. "करडी घेऊ की तपकिरी? थंडीत तिचे गुडघे धरतात रे." मी तपकिरी म्हणालो. दुकानाबाहेर नागपूरकर माझ्याकडे बघत उभा होता. त्याच्या नजरेला नजर द्यायची माझी छाती झाली नाही. त्या संध्याकाळी रस्त्यात फोनचं खोकं दिसलं, पण मी म्हटलं, "जाऊ दे, उद्या करू."

गुरुवारी दुपारी मोठ्या रस्त्यावरचा पेट्रोल पंप आला. आता सांगायचंच म्हणून मी दुकानात पैसे देताना मनाशी शब्द जुळवत होतो. बाहेर येऊन बघतो तर रत्नागिरीकर पंपाशेजारच्या फोनमध्ये. जाताना नागपूरकराला म्हणाला होता, "आज मीच हिला फोन करतो, शाल घेतल्याचं सांगतो."

तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता.

"आई हॉस्पिटलात आहे. मंगळवारपासून. सकाळपर्यंत बोलत होती, म्हणे. आता बोलत नाही."

म्हणजे म्हातारी जिवंत होती. दोन दिवस ती खरोखरच शुद्धीवर होती, खरोखरच त्याला विचारत होती. मी पंपाला टेकलो.

"ही म्हणते मंगळवारीच निरोप दिला होता. तुला मिळाला?"

"नाही रे," मी म्हणालो. "'सगळे मजेत' एवढंच ऐकू आलं, मग लाईन खराब झाली. नुसती खरखर."

इतकं सहज खोटं माझ्या तोंडून कसं निघालं, देव जाणे. नागपूरकर बोलणार होता, मला दिसलं ते. पण तोवर रत्नागिरीकर कॅराव्हॅन सोडवायला खाली बसला होता आणि त्याच्या हातांना कडी निघत नव्हती. नागपूरकरानं खाली बसून ती काढून दिली. कॅराव्हॅनपाशी तोच थांबला आणि आम्ही दोघं इन्व्हर्नेसच्या विमानतळाकडे निघालो. वाटेत रत्नागिरीकर एकदाच बोलला.

"मंगळवारी निरोप दिलाच नसणार हिनं. मुद्दाम लांबवलं. आईचं आणि हिचं कधी पटलंच नाही."

तेव्हा तरी मी तोंड उघडायला हवं होतं. मी नकाशात पुढचं वळण बघत बसलो.

शुक्रवारी रात्री तो विमानात असताना आई गेली. शनिवारी रात्री तो रत्नागिरीला पोचला तेव्हा भावानं सगळं उरकलं होतं. मंगळवारीच निघाला असता तर गुरुवारी तिच्या उशाशी असता.

कॅराव्हॅन भाड्यानं देणाऱ्यांच्या माणसाकडे सोपवून घरी आल्यावर बायकोनं मला खोदून खोदून विचारलं. मी म्हटलं, योग्य वेळ आली की त्याला सांगतो. ती म्हणाली, "तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगीन."

तेरावं करून तो परत आला. एका रविवारी दुपारी दोघं नवराबायको आमच्याकडे आले. त्याच्या डोक्यावर केस नुकते उगवत होते. चहा झाला. तो बोलत होता माझ्याशी, पण ऐकवत होता वहिनींना.

"भाऊ सांगत होता, खोलीचं दार वाजलं की आई माझं नाव घ्यायची. हिच्या मनात असतं तर पोचलो असतो मी."

वहिनी मान खाली घालून बसल्या होत्या. घरी हे त्यांना रोज ऐकावं लागत असणार. मी बशीतलं बिस्कीट मोडत होतो.

माझी बायको उठून उभी राहिली. "बस झालं," ती म्हणाली. "वहिनींनी मंगळवारीच सांगितलं होतं. मी ह्यांना मंगळवारीच सांगितलं. लाईन अगदी चांगली होती."

मग मी बोललो. वडिलांचं, रस्त्याचं, मला काय वाटलं त्याचं, सगळं.  माझं संपल्यावर तो वहिनींकडे वळला. त्यांच्याकडे हात पुढे केला. वहिनींनी दाराजवळचा आपला कोट काढला, त्याचा कोट तिथेच राहू दिला आणि त्या बाहेर पडल्या.

तोही उठला. दाराशी थांबून माझ्याकडे पाठ करूनच म्हणाला, "रस्त्याच्या कडेला गाडी लावून मी रडलो असतो, एवढंच ना? रडू द्यायचं होतंस रे मला."