प्लास्टिकखालची मोटरसायकल

दिगंबर गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्याच मोटरसायकलचा मडगार्ड घासत होतो. सुमनवहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले..." मी तसाच एग्मोरला त्याच्या घरी निघालो. बसमध्ये शेजारच्याने नाकाला रुमाल लावला, तेव्हा पॉलिशचं फडकं अजून हातातच असल्याचं लक्षात आलं.

दिगंबर कराडचा, मी पुण्याचा. तो रेल्वेत, मी बँकेत. इथे परक्या तमिळ मुलखात मराठी कानावर पडलं की माणूस वळून बघतोच, तशी आमची ओळख झाली आणि पंचवीस वर्षं टिकली. ती काळी मोटरसायकल म्हणजे त्याची दुसरी बायको, असं वहिनी चिडवायच्या. दोन वर्षांपूर्वी हृदयाचं दुखणं झालं आणि डॉक्टरांनी किक मारायला मनाई केली. त्याच्या फ्लॅटखाली गाडी उघड्यावर राहायची, माझ्या अण्णा नगरच्या घराचं गॅरेज मात्र रिकामं होतं. मग ती टेम्पोतून माझ्याकडे आली. उतरवताना टेम्पोवाला "मेदुवा, सार, मेदुवा" म्हणजे सावकाश, असं त्यालाच समजावत होता, इतका हा ओरडत होता! गाडी मधल्या स्टँडवर घेतली, चाकांखाली फळ्या, टाकी काठोकाठ, बॅटरीची वायर सोडलेली, उंदीर शिरू नयेत म्हणून सायलेन्सरच्या तोंडात बोळा आणि वरून वहिनींचं जुनं सुती पातळ. "इथली हवा दमट आहे. सुतीच घाल. प्लास्टिक घातलंस तर आत घाम धरेल," त्याने मला बजावलं.

मी ते विसरलो... नाही, खरं सांगायचं तर विसरलो नव्हतो. याचं सगळंच फाजील, असं मला वाटायचं. गेल्या ऑक्टोबरात पाऊस लागला, गॅरेजचं छत गळायला लागलं आणि मी शहाणपणा करून गाडीवर प्लास्टिक घट्ट बांधलं. पावसाने उसंत दिल्यावर सोडून बघतो तर चकाकणारा एकूण एक भाग गंजलेला.

नेमका तेव्हाच त्याचा फोन. "रविवारी येऊ का रे? गाडी बघून जातो." मी म्हटलं, "रस्त्यात पाणी तुंबलंय, पुढच्या रविवारी ये." पुढच्या रविवारी मला ताप 'आला', त्यानंतर पाहुणे. इकडे मी रोज गंज घासत होतो. चौथ्या वेळी तो फक्त "बरं" म्हणाला. हुज्जत घातल्याशिवाय बरं म्हणणारा माणूस नव्हता तो. मला तेव्हाच कळायला हवं होतं. त्याच आठवड्यात तो गेला.

तेरावं झाल्यावर वहिनी गाडी न्यायला आल्या. गाडी एव्हाना नव्यासारखी झाली होती. मी काही न लपवता सगळं सांगून टाकलं. त्या बराच वेळ सीटवरून हात फिरवत राहिल्या.

"भाऊजी, त्यांना दिसत कुठे होतं? दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, आणि हृदयामुळे ऑपरेशन लांबलेलं. तुम्ही गाडी विकून टाक म्हणाल, म्हणून तुम्हाला कळू दिलं नाही. त्यांना नुसतं तिच्यावर बसायचं होतं हो... तुमच्याशी गप्पा मारत."

मला रडू आवरलं नाही. गाडी नेऊ नका, असं मीच त्यांना विनवलं. आता रविवारी सकाळी मी गॅरेजचं दार उघडतो आणि दुपारपर्यंत उघडंच ठेवतो. येणारं कोणी नाही, हे मलाही कळतं.