दोन पाळ्यांत पाहिलेला पिक्चर

राजानंद आणि मी सव्वीस वर्षं एका जागेवर काम केलं, पण एकत्र कधीच केलं नाही.

जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलची ही गोष्ट. भट्टीतून लाल कांब निघते, रोलांच्या जोडीतून जाते आणि पलीकडे सापासारखी बाहेर येते. तिचं तोंड सांडशीनं धरायचं, अंग वळवायचं आणि पुढच्या रोलात घालायचं. त्या जागेला आम्ही 'मालावर' म्हणायचो. तिथं माणूस वीस मिनिटं टिकतो. मग दुसरा येतो, पहिला बाहेर जाऊन बसतो. वीस मिनिटं राजानंद, वीस मिनिटं मी. सांडशी दोघांत एक. तिच्या मुठी कधी थंड झाल्या नाहीत.

मालावर दोन नियम होते. कांब सोडणाऱ्यानं आधी 'हो' अशी हाक द्यायची. समोरच्यानं 'आन' म्हटल्याशिवाय सोडायची नाही. आणि मालावर असलेल्या माणसाला कसलीही बातमी द्यायची नाही. पोरगा झाला तरी नाही, घरात कुणी गेलं तरी नाही. बातमीनं हात हलतो, आणि हात हलला की समोरचा भाजतो.

राजानंद जाफराबादकडच्या खेड्यातून एकोणिसाव्या वर्षी आला. दोन वर्षं त्यानं भंगार उचललं. तिसऱ्या वर्षी सांडशी हातात आली. अंगानं तो काही पैलवान नव्हता. पण त्याच्या कामात वाया गेलेली हालचाल नसायची. मी नवा होतो तेव्हा माझ्या मागं उभा राहून म्हणाला, "कडूबा, अर्धा जोर तू हवेत फेकून राह्यला. कांबीकडं नको पाहू. ती ज्या भोकातून येती त्या भोकाकडं पहा." तीन दिवस त्यानं मला फक्त पाय कुठं ठेवायचा ते शिकवलं. चौथ्या दिवशी म्हणाला, "आता बराबर." त्यानंतर सव्वीस वर्षांत त्यानं माझी तारीफ केली नाही. गरज नव्हती.

हाकेची सवय तो घरी घेऊन गेला. दाराशी आला की कडी वाजवायचा नाही, 'हो' म्हणायचा. आतून बेबीनंदा वहिनी 'आन' म्हणायच्या. त्यांची एकुलती एक पोर, सुमेधा, पाच वर्षांची असल्यापासून चहाचा कप दोन्ही हातांत धरून उंबऱ्यात थांबायची. 'हो!' राजानंद 'आन' म्हणेपर्यंत पाऊल टाकायची नाही. एकदा तो मुद्दाम गप्प बसला. पोर उभी ती उभीच. चहावर साय आली.

दीड वर्षापूर्वी, मे महिन्यात, ही सुमेधा घर सोडून गेली. केदारखेड्याच्या भागवत नावाच्या मुलाबरोबर. दोघं एका बियाणं कंपनीच्या ऑफिसात कामाला होते. भागवत शेतकरी घरातला, ही बौद्ध घरातली. भागवतच्या घरच्यांनी दार लावून घेतलं. ते काय करतील याची राजानंदला भीती होती, पण राग त्याचा नव्हता. राग एकाच गोष्टीचा होता. पोरगी न सांगता गेली. हाक दिली नाही.

"मी न्हाई म्हणलो असतो का?" तो मला म्हणाला होता. "म्हणलो बी असतो. पण तिनं 'हो' तर म्हणायचं."

दोघं पुण्यात राहू लागले. वहिनी तिच्याशी फोनवर चोरून बोलायच्या. एकदा त्यांनी धीर करून सांगितलं, "पोरगी म्हणती, त्या दिवशी तिनं तुम्हाला फोन केल्ता."

"खोटं बोलून राह्यली," राजानंद म्हणाला. मी तिथंच बसलो होतो. मी चहा पीत राहिलो.

या नोव्हेंबरात एका शनिवारी सुमेधाचा निरोप आला, वहिनींच्या फोनवर. 'उद्या आम्ही जाफराबादला मैत्रिणीकडे येतोय. चारच्या गाडीनं परत निघू. सोबत एक पिक्चर पाठवते. बाबांनी तो पहावा. मधून उठू नये. पाहून वाटलं तर स्टँडवर यावं. नाही वाटलं तर मी पुन्हा विचारणार नाही.'

रविवारी दहाला राजानंदनं मला बोलावलं. टीव्हीसमोर दोन खुर्च्या मांडलेल्या. खुर्च्यांत बरोबर एक हात अंतर.

"एकट्यानं पाहवत न्हाई," तो म्हणाला. "बस."

वहिनींनी फोन टीव्हीला जोडला आणि त्या भाकरीला गेल्या.

पिक्चर हिंदी होता. एक पोरगा आणि एक पोरगी घरातून पळतात. पळायला गाडी मिळत नाही म्हणून शववाहिका चोरतात. चार कोस गेल्यावर मागचा मेलेला माणूस उठून बसतो आणि खिडकीजवळची जागा मागतो. पोरगा घाबरत नाही. म्हणतो, "काका, काच बंद ठेवा, धूळ येते."

राजानंद हसला नाही. "गाडी दुसऱ्यात टाकायला पायजे होती चढाला," म्हणाला.

गाडी पुढं जाते आणि तिच्या मागं दोन मजूर रस्ता गुंडाळत येतात. सतरंजी गुंडाळावी तसा डांबरी रस्ता, मैलाच्या दगडांसकट. गाडीला परतीची वाट नाही. मजूर घाई करत नाहीत. मधे बसून बिडी ओढतात, पुन्हा गुंडाळतात.

"कंबरेतून वाकून राह्यले," राजानंद म्हणाला. "गुडघ्यात वाकायला पायजे. पाठ जाईन एखाद्याची."

मग तो उठला. मी घड्याळाकडं पाहिलं. वीस मिनिटं झाली होती. निवृत्त होऊन त्याला वर्ष झालं, पण अंगाला ते कुणी सांगितलं नव्हतं. तो अंगणात गेला, मीठ घातलेलं पाणी तांब्यानं वरून प्यायला, लिंबाखाली बसला. मी पाहत राहिलो. वीस मिनिटांनी तो आला, आणि मी उठलो.

वहिनी चुलीपासून ओरडल्या, "अहो, पिक्चर पाहून राह्यले का ड्युटी करून राह्यले? पोरीनं उठू नका म्हणून सांगितलंय!"

"कडूबा बसलाय ना," राजानंद म्हणाला.

त्याला हे बरोबर वाटत होतं. जागा रिकामी राहिली नाही म्हणजे काम झालं.

बाहेर बसलो की आतला आवाज कानावर यायचा. बँड वाजतोय, कुणी रडतंय, मधेच गाढव. लिंबाच्या सावलीत डोळे मिटले की न पाहिलेला पिक्चर आपोआप दिसायचा. माझ्या न पाहिलेल्या पिक्चरमध्ये रोलांतून लाल रस्ता बाहेर येत होता आणि मी त्याचं तोंड धरत होतो. मिलमध्येही असंच व्हायचं. बाहेर बसलेला माणूस आतलं काम मिटल्या डोळ्यांनी पाहायचा.

सहावी पाळी माझी होती. पडद्यावर पांढरं झालेलं कापसाचं रान. मधोमध टेलिफोनची पेटी. आजूबाजूला वस्ती नाही, तार नाही. पोरगी गाडीतून उतरते आणि घरी फोन लावते. तिकडं बाप घराच्या छतावर आहे. हातात पाइप घेऊन सूर्यावर पाणी मारतोय, सूर्य विझवायचं त्याचं काम. खाली फोन वाजतो. बापाला ऐकू जात नाही. शेवटी दावणीचा बोकड येतो, फोन उचलतो आणि माणसासारखा बोलतो, "मालक कामात आहेत. नंतर कर." फोन ठेवतो आणि पाला खायला लागतो. इकडं पोरगी फोन कानाला धरून तशीच उभी. कापूस उडतोय. मागं मजूर रस्ता गुंडाळत त्या पेटीपर्यंत येतात आणि पेटीही गुंडाळून नेतात.

मी टीव्हीचा आवाज कमी केला.

राजानंद दारात आला. "हो."

"आन," मी म्हणालो आणि उठलो. पण लिंबाखाली मला बसवलं नाही. शेवटची वीस मिनिटं मी अंगणात उभा राहिलो.

पिक्चर संपला. राजानंद बाहेर आला. साडेबारा वाजले होते. आम्ही नेहमीसारखा हिशेब जुळवायला बसलो, त्याच्या पाळीत काय झालं, माझ्या पाळीत काय. मिलमध्ये सांडशी देताना हेच करायचो. कांब कशी येतेय, रोल कुठं ओढतोय.

"शेवटाला मजूर गाडीपाशी पोचले," राजानंद म्हणाला. "मागं रोड न्हाई, पुढं बी न्हाई. मेलेला माणूस उतरला. मजुरांना म्हणला, आता एवढी वळकटी ठेवता कुठं? मजुरांनी इचार केला. मंग ती गाडीच्या पुढं नेऊन ठेवली आन लाथ मारली. उलगडत गेली पार लांब. यावेळी गुडघ्यात वाकले व्हते." तो माझ्याकडं वळला. "तिला हे दाखवायचं व्हतं का मला? तुझ्या पाळीत काय झालं?"

खोटं सांगता आलं असतं. गाढव, बँड, काहीही.

"कापसाच्या रानात टेलिफोनची पेटी व्हती. तिनं घरी फोन केला," मी म्हणालो.

"मंग?"

"बाप कामात व्हता. फोन बोकडानं उचलला. म्हणला, मालक कामात आहेत, नंतर कर. आन बापाला सांगितलंच न्हाई."

राजानंद माझ्याकडं पाहत होता. भोकाकडं पाहावं तसा.

"राजानंद, तो बोकड मी हाय."

मग सगळं सांगितलं. त्या मे महिन्यात आम्ही दिवसपाळीला होतो. फोन आत न्यायला बंदी होती, पिशव्यांत घालून बाहेर खुंटीला अडकवायचो. मी बाहेर बसलो होतो, तो मालावर होता. त्याच्या पिशवीत फोन वाजला. अनोळखी नंबर. मी उचलला. सुमेधा होती, भागवतच्या फोनवरून. "काका, बाबांना द्या ना. आत्ताच बोलायचंय." मी म्हणालो, "मालावर हाय गं तो. सुटल्यावर कर."  ती "बरं, काका," म्हणाली.

"सुटल्यावर सांगणार व्हतो," मी म्हणालो. "त्या दिवशी शेवटची कांब अडकली. ती कापायला मी थांबलो, तू टेम्पोनं निघून गेल्ता. दुसऱ्या दिवशी तू म्हणाला, पोरगी न सांगता गेली. मंग माझी जीभ उचलली न्हाई. तिनं बी माझं नाव घेतलं न्हाई कुणापाशी."

लिंबाची पानं हलत होती. वहिनी पिठाच्या हातानं दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"किती वाजले व्हते?" राजानंदनं विचारलं.

"पावणेतीन."

तो मनात काहीतरी मोजत होता. "समोर बद्रीनाथ व्हता त्या पाळीला. मला सांगितलं असतं तर माझा हात हलला असता. बद्रीनाथ भाजला असता." तो उठला, तांब्या विसळला, पालथा घातला. "तेव्हा न्हाई सांगितलं ते बराबर केलं."

मी मान खाली घातली.

"त्याच्यानंतर दीड वर्ष न्हाई सांगितलं. ते बराबर न्हाई. बिलकुल न्हाई." आवाज चढला नव्हता. नव्या माणसाला पाय चुकीचा पडला म्हणून सांगावं, तसा. "मी पोरीला खोटी म्हणलो. माझ्याच घरात."

"हो."

"तुझ्या गाडीत पेट्रोल हाय का?"

"हाय."

"मंग बसला कामून? चार वाजता सुटती ती."

वहिनी म्हणाल्या, "भाकरी तरी खा."

"बांधून दे. तिच्यासाठी बी. त्याच्यासाठी बी दे." दोन पावलं जाऊन तो वळला. "खातो का तो आपल्याकडचा ठेचा?"

"तुम्हाला कशाला पंचाईत? घेऊन जा," वहिनी म्हणाल्या. त्या डोळे मनगटानं पुसत होत्या, म्हणून पीठ गालाला लागलं होतं.

माझी मोटारसायकल जुनी आहे, चाळीसच्या वर जात नाही. राजूरकडून आम्ही निघालो. दुपारचं ऊन मऊ होतं. दोन्ही बाजूंनी कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बायांच्या लुगड्यांचे रंग त्यात तरंगल्यासारखे. रस्त्यावर कुणी नव्हतं. मी आरशात पाहिलं तर मागचा रस्ता खरंच कमी कमी होत असल्यासारखा वाटला. राजानंद माझ्या मागं ताठ बसला होता, मांडीवर भाकरीचं फडकं. एका वळणावर कापसाच्या मधे पेटीसारखं काहीतरी उभं दिसलं. मी ब्रेक दाबला.

"बुजगावणं हाय," राजानंद मागून म्हणाला. "चाल."

त्यालाही ती टेलिफोनची पेटीच वाटली होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघांनी एकाच वेळी एकच, नसलेली गोष्ट पाहिली.

जाफराबादच्या स्टँडवर पोचलो तेव्हा चारला वीस कमी होते. गाडी लागलेली. फलाटाच्या टोकाला सुमेधा बॅगेवर बसली होती, पाठ आमच्याकडं. भागवत उभा होता. त्यानं आम्हाला आधी पाहिलं. तो तिला काही सांगणार, तेवढ्यात राजानंदनं त्याला हातानं थांबवलं.

जवळ गेला नाही. पंधरा पावलांवर थांबला. डावा पाय थोडा बाहेर. फडकं दोन्ही हातांत धरलं.

"हो!"

स्टँडवरच्या चार माणसांनी वळून पाहिलं. जीपवाला म्हणाला, "कुणाला बोलून राह्यले हो बाबा?"

सुमेधाची पाठ हलली, पण ती वळली नाही. राजानंद तसाच उभा. 'आन' आल्याशिवाय तो पाऊल टाकणार नव्हता. गाडी सुटली असती तरी टाकलं नसतं. त्या उंबऱ्यातल्या पोरीसारखा तो थांबला होता आणि आता गप्प बसायची पाळी तिची होती.

बरीच वाट पाहायला लावली तिनं. मग बॅगेवरून उठली, डोळ्यांवरची ओढणी बाजूला केली.

"आन," म्हणाली.

तो चालायला लागला. गाडी सुटायला अजून सतरा-अठरा मिनिटं होती. ती त्याची पाळी होती. मी पाणी प्यायला टाकीकडं गेलो.