नानांच्या नऊ चाव्या

प्रत्येक घरात एक डबा असतो आणि त्यात कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या चाव्या असतात. कोणी त्या टाकत नाही, उलट दर वर्षी दोन-तीनची भर पडते. किस्से तसेच साठतात. आमच्या कलकत्त्याच्या दिवसांतले, म्हणजे अडुसष्ट ते बहात्तर सालातले, निम्मे किस्से तर खरोखरच चाव्यांचे आहेत. त्या सगळ्या चाव्या एकाच दाराच्या, नाना परांजप्यांच्या ट्रेलरच्या.

आमच्या ह्यांची बँकेतून कलकत्त्याला बदली झाली आणि आम्ही तिथल्या बेहाला भागात घर घेतलं. वरच्या मजल्यावर नाना आणि काकू. नाना खिदिरपूरच्या गोदीत माल तपासायचे. बावीस वर्षं त्यांनी फुटलेल्या पेट्या आणि तुटलेली कुलपं पाहिली होती, त्यामुळे कुलूप हा विषय निघाला की माणूस हातातला चहा विसरायचा.

काकू खामगावच्या. लग्न झालं, नागपूरला गाडीत बसल्या आणि थेट हावड्याला उतरल्या. मुंबई कधी वाटेत आलीच नाही. कलकत्त्याचं बंदर तर नदीवर. म्हणजे नवरा रोज जहाजांवर चढतो-उतरतो आणि बायकोनं समुद्र पाहिलेला नाही! दिघ्याचा किनारा मोटारीनं एका दिवसावर होता, पण काकू दुसऱ्याच्या चुलीवरचं खात नसत आणि परक्या घरचं पाणी पीत नसत. खामगावला जायच्या त्यासुद्धा शंकरपाळ्यांवर. नाना म्हणायचे, "बघू पुढच्या हिवाळ्यात." असे वीस हिवाळे गेले.

मग काकूंना काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलं ते येणार नाही, राहिलंय ते फार तर दोन वर्षं. काकूंनी मला जिन्यात सांगितलं, "शालू, चावीच्या भोकातून बघावं तसं दिसतं गं आता. मधलं तेवढं दिसतं, कडेचं सगळं गेलं." मग म्हणाल्या, "आमटी उतू जात असेल," आणि वर गेल्या.

त्या रविवारी नाना आमच्याकडे आले आणि उभ्या-उभ्याच म्हणाले, "ही बाहेरचं खात नाही ना? मग हिचं स्वयंपाकघरच दिघ्याला न्यायचं."

* * *

माणूस बोलून मोकळा होतो. नाना झाले नाहीत. गोदीतल्या भंगारातून दोन चाकांची एक गाडी आणली, बेहालातल्या मिस्त्रीला धरलं आणि तिच्यावर पत्र्याची नि प्लायवूडची खोली उभी केली. आमच्या न्हाणीघरापेक्षा थोडी मोठी. एका बाजूला ओटा, दुसऱ्या बाजूला दोन फळ्यांचे पलंग, खाली डब्यांची जागा. ओढायला कुलकर्ण्यांची जीप. कुलकर्णी ठेकेदार होते आणि ती जीप त्यांनी लष्कराच्या लिलावात घेतली होती. हॉर्न सोडून तिचं सगळं वाजायचं.

खोली दोन महिन्यांत झाली. दाराचं कुलूप ठरवायला एक अख्खा पावसाळा लागला.

नानांनी सात कुलपं आणली आणि गॅलरीच्या गजांना लटकवली. जूनपासून पाऊस खाऊ द्यायचा आणि जे दुर्गापूजेपर्यंत गंजणार नाही ते निवडायचं. रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी एकेक उघडून बघायचं आणि वहीत नोंद करायची. एक दिवस नानांनी मोजली तर आठ!

चौकशी केली तेव्हा शेजारच्या दासगुप्ता मासिमांनी, म्हणजे मावशींनी, शांतपणे सांगितलं, "आठवं माझं." झालं असं होतं, की माणूस रोज सकाळी आंघोळ करून कुलपांसमोर उभा राहतो, एकेकाला हात लावतो आणि पुटपुटतो, म्हणजे हा नवसच असणार, असं त्यांनी धरलं. त्यांच्या मुलाला तीन वर्षं नोकरी नव्हती, म्हणून त्यांनीही एक लटकवलं. देव कुठला ते विचारायचं राहून गेलं होतं.

नानांनी तेही वहीत चढवलं. ऑगस्टमध्ये मुलाला नोकरी लागली. सप्टेंबरात गजांवर अकरा कुलपं होती आणि समोरच्या इमारतीतल्या दोन बायका काकूंना फुलं देऊन गेल्या.

पण खरी गंमत पुढेच. पूजा आली तोवर नानांची सातही कुलपं या ना त्या प्रकारे गंजून अडकली होती. मासिमांचं जुनं पितळी कुलूप मात्र लोण्यासारखं उघडत होतं. पूर्व बंगालातल्या बारिसालच्या त्यांच्या घराचं ते, फाळणीत बरोबर आलेलं. नानांनी हात जोडूनच मागितलं. मासिमा म्हणाल्या, "घेऊन जा. ते दार आता कुणाचं आहे कोण जाणे. कुलूप बिचारं नुसतं बसून काय करणार?"

* * *

त्या कुलपाला चावी एकच होती. दुसरी करायला नाना बिशूबाबूंकडे गेले. बेहाला बाजारात बिशूबाबूंचं दुकान, म्हणजे एक पाट, एक पकड आणि कानशींची जुडी. त्यांनी चावी हातात घेतली, एकदा उलटी, एकदा सुलटी पाहिली आणि परत दिली. मग कोरी चावी पकडीत धरून घासायला लागले. नाना म्हणाले, "अहो, नमुना समोर ठेवा ना." ते म्हणाले, "पाहिली की." पंधरा मिनिटांत झाली. कुलपात पहिल्याच झटक्यात बसली. नाना घरी आले ते थक्क होऊन, जेवताना घास हातातच राहत होता.

पण बिशूबाबूंनी चावी दिली नव्हती! त्यांचा एक रिवाज होता. घराची चावी पुरुषाच्या हातात द्यायची नाही. "गिन्नी कोथाय?" म्हणजे घरची मालकीण कुठे आहे, तिला आणा, तिनं पहिल्यांदा फिरवायची, मग तिच्या पदराला बांधून न्यायची. नानांनी परोपरीनं सांगितलं की हे घर नाही, गाडी आहे. बिशूबाबूंनी विचारलं, "चूल आहे?" नाना म्हणाले, "आहे." बिशूबाबू म्हणाले, "मग घर आहे."

दुसऱ्या दिवशी मी काकूंना घेऊन गेले. काकूंनी चावी घेतली आणि भोकाशी नेली. ती डावीकडे गेली, मग वर गेली, मग उलटी लागली. काकू हसून म्हणाल्या, "नवीन आहे ना." बिशूबाबूंनी चावी परत मागितली, तिच्या मानेवर कानशीनं एका बाजूला एक खाच पाडली आणि कुलपाच्या तोंडाशीही तशीच एक पाडली. काकूंचा अंगठा चावीवरच्या खाचेवर ठेवला, बोट कुलपावरच्या खाचेवर ठेवलं. चावी सरळ आत गेली.

डोळ्यांबद्दल त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. परत येताना काकू सबंध वाट पदरातली चावी अंगठ्यानं चाचपत होत्या. मी तर आजही त्या माणसाची आठवण निघाली की हात जोडते.

* * *

दाराचं झालं, पण नानांचं समाधान एका कुलपावर होणार होतं थोडंच! खिडकीच्या आडव्या पट्टीला एक, डब्यांच्या कपाटाला एक, पाण्याच्या टाकीला एक, रॉकेलला एक, जास्तीच्या चाकाला एक, अंथरुणाच्या पेटीला एक, जीप आणि ट्रेलर जोडतात त्या कडीला एक. वर मसाल्याच्या डब्यालाही एक. दाराची नवी चावी धरून जुडग्यात नऊ चाव्या. मी विचारलं, "नाना, हळद कोण चोरणार?" ते म्हणाले, "गोदीत येऊन बघ एकदा."

त्यांनी नऊ चाव्यांना नऊ रंगांचे दोरे बांधले आणि रंगांची यादी दाराच्या आत चिकटवली. दोरे काकूंना सगळे एकसारखेच दिसत होते. त्यांनी ते कापून टाकले आणि पाण्याच्या चावीला कवडी बांधली, डब्यांच्या चावीला चिंचोका, रॉकेलच्या चावीला रिठा, मसाल्याला शर्टाचं बटण. दाराची चावी तशीच ठेवली, तिला खाच होती.

नाना आधी रागावले. मग एकदा पैज लागली. कुलकर्णी नाव घेणार, आणि नाना चष्मा लावून, काकू हात पाठीमागे नेऊन चावी काढणार. जेवढ्या वेळात काकूंच्या नऊच्या नऊ निघाल्या, तेवढ्यात नानांच्या पाचच. नानांनी यादी फाडली आणि उरलेल्या संध्याकाळभर काकूंकडे बघत बसले. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती.

* * *

ट्रेलरची चाचणी शहराबाहेर भराव घातलेल्या सॉल्ट लेकमध्ये घेतली. तिथं तेव्हा नुसता पसरलेला गाळ आणि वाळू, चिटपाखरू नाही. फेऱ्या मारून झाल्या, काकूंनी आत चहा केला, सगळं उत्तम. परत आल्यावर नानांनी नेहमीप्रमाणे सगळी कुलपं लावली. मग कुलकर्णी म्हणाले, "आता जीप सोडवा." जोडकडीची चावी आत. दाराच्या दोन्ही चाव्याही आत, काकूंच्या चहाच्या किटलीशेजारी. नानांनी दार नुसतं ओढून कुलूप दाबून टाकलं होतं.

बिशूबाबू भाच्याच्या लग्नाला वर्धमानला गेलेले. दुसरा कुलूपवाला नानांना चालेना. कुलकर्ण्यांना दुसऱ्या दिवशी पुतण्यासाठी मुलगी बघायला जायचं होतं. न जावं तर बोलणी मोडणार. शेवटी ते जीप आणि मागं ट्रेलर, अशा थाटात टॉलीगंजला मुलीच्या दारात उभे राहिले. मुलीच्या वडिलांनी दोनदा बाहेर येऊन पाहिलं. मग आत जाऊन बायकोला म्हणाले, "ही माणसं होकार घेतल्याशिवाय हलणार नाहीत. राहायच्या तयारीनं आलीत."

लग्न झालं. चांगलं चाललंय.

* * *

तोवर एक वर्ष गेलं होतं. काकू आता जिन्यात माझा खांदा धरायच्या. बटाटे चिरता-चिरता एकदा त्यांनी मला विचारलं, "तू पाहिलायस ना समुद्र? एकदम दिसतो की थोडा-थोडा?" मी म्हटलं, "एकदम." त्या म्हणाल्या, "मग कठीण आहे." नानांनी हे ऐकलं असावं, कारण त्याच आठवड्यात त्यांनी रजा टाकली.

डिसेंबरात आम्ही पहाटे निघालो. पुढे जीपमध्ये आम्ही सगळे, मागं काकूंचं घर. कोलाघाटचा पूल झाला, कांथी मागं पडलं आणि मग रस्ता असा काही लागला की आत भांडी ओरडत होती. नाना दर अर्ध्या तासानं गाडी थांबवून बाहेरची कुलपं ओढून बघत होते आणि दाराचं दोनदा. सगळी जागच्या जागी.

दुपारी दोनला सुरूच्या झाडांखाली ट्रेलर लावला. सगळे भुकेले. काकूंनी कनवटीची चावी काढली, अंगठा खाचेवर ठेवला आणि फिरवली. पितळी कुलूप लोण्यासारखं उघडलं. नानांनी दार ओढलं. दार हलेना. पुन्हा ओढलं. मग लक्षात आलं, की रस्त्यातल्या धक्क्यांनी आतली कडी आपोआप पडली होती. नऊ चाव्या हातात, दाराचं कुलूप उघडं आणि दार आतून बंद!

कुलकर्णी म्हणाले, "नाना, टकटक करून तर बघा." नानांनी खरंच केली. मग त्यांचा चेहरा असा झाला की कोणी हसलं नाही. भाकऱ्या आत, स्टोव्ह आत, काकूंचं पिण्याचं पाणी आत. आमचे हे पहार शोधायला गेले, कुलकर्णी खिडकीच्या पट्टीवर चढले आणि नाना दारावर कपाळ टेकून उभे राहिले. म्हणाले, "हिच्या दोन वर्षांतलं एक घालवलं गं मी, शालू, कुलपांत."

काकूंनी माझा हात धरला. "शालू, हा आवाज कुठून येतोय?"

झाडांपलीकडून येत होता. मी त्यांना घेऊन निघाले. वाळूत त्यांनी चपला काढल्या. पाणी दिसलं तिथं त्या थांबल्या आणि माझा हात सोडला. डाव्या टोकाला मान वळवली आणि मग हळूहळू, अगदी हळूहळू उजवीकडे नेऊ लागल्या.

एक मुरीवाला, म्हणजे कुरमुरेवाला, आला. त्यानं कागदाचा पुडा पुढे केला आणि काकूंनी तो घेतला. बघता-बघता एकेक मूठ तोंडात टाकू लागल्या. कोणाच्या चुलीवरची मुरी, कोणाच्या हातची, त्यांनी विचारलं नाही.

मागून नाना धावत आले. धाप लागलेली, हाताला खरचटलेलं. म्हणाले, "अगं, उघडलं एकदाचं! चल, जेवून घेऊ."

काकूंची मान अजून वळत होती.

"थांबा हो," त्या म्हणाल्या. "संपू तर द्या."