गाण्यातली कौशी

माझ्या बापाच्या गाण्याची तबकडी कुणाच्या घरी अजून असेल तर ती फोडून टाकावी, असं मी उघड म्हणते. लोकांना ते रुचत नाही. एवढा गोड गळा, जिल्ह्यात एवढं नाव, आणि पोटची पोरच असं बोलते! बोलते. त्या तबकडीवरचं गाणं त्याचं नव्हतं, माझ्या मोठ्या मायचं होतं, आणि तिचं नावही कुणाला ठाऊक नाही.

मोठी माय म्हणजे भिकुबाई, माझ्या बापाच्या थोरल्या भावाची, धनसिंग आबांची बायको. धुळ्याकडून येताना साक्रीच्या अलीकडे आमचं गाव. मोठी माय उंच, हाडकुळी, तोंडावर देवीचे वण, आणि बोलणं इतकं कमी की नवी माणसं तिला मुकी समजत. तिचं तोंड उघडायचं ते जात्यावर. तिची एकुलती एक मुलगी कौशी सहाव्या वर्षी देवीच्या साथीत गेली. त्यानंतर वर्षभराने जात्यावर कौशीचं गाणं सुरू झालं.

ते रडगाणं नव्हतं. कौशी गेली, असं त्यात कुठेच नव्हतं. पहिली ओळ अशी होती:

"कौशी मन्ही बोरे येचस, ओचा तिन्हा भरस नही."

पुढच्या साली मोठ्या मायने नवी ओवी जोडली. तिच्यात कौशी लहानशी कळशी घेऊन नदीवर गेली. मग तिने पहिली भाकरी थापली आणि ती करपवली. मग आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोका उंच नेला आणि खाली उभ्या पोरांना मनसोक्त शिव्या दिल्या. दर साली गाण्यातली कौशी एका वर्षाने मोठी व्हायची. मी लहान होते, मला ती खरीच वाटायची. गाण्यात तिला नवा परकर आणि मला जुना, म्हणून मी एकदा जेवलेसुद्धा नव्हते.

माझी आई, भागाबाई, मोठ्या मायसमोर बसून जात्याचा खुंटा ओढायची. भिंतीपलीकडे माझा बाप मगन अंथरुणात पडून सगळं ऐकायचा.

बाप गावच्या मेळ्यात गायचा. धुळ्याचे लीलाधर शेठ फोनो, म्हणजे ग्रामोफोन, आणि तबकड्या विकत. एका लग्नात त्यांनी त्याला ऐकलं आणि मुंबईला तबकड्या काढणाऱ्या कंपनीत नेलं. तिथे त्याने भजनं म्हटली. कंपनीकडे तसली भजनं ढिगाने पडली होती. तुमच्या मुलखातलं काही म्हणा, असं सांगितल्यावर त्याने कौशीचं गाणं काढलं. मग कुणीतरी म्हणालं, छान आहे, पण याला शेवट नाही. तबकडी संपताना गाणंही संपायला हवं. बापाने उभ्याउभ्या शेवट रचला. काय रचला ते त्याने घरी सांगितलं नाही.

गाणं कुणाचं, असं तिथे विचारलं तेव्हा मात्र तो खरं बोलला. "माझ्या वहिनीचं," म्हणाला, तेही छाती फुगवून. माझं म्हणाला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. पण गावभर माहीत असलेलं गाणं स्वतःचं कसं म्हणणार? कंपनी दुसऱ्या कुणाच्या गाण्यावरून एकदा कोर्टात ओढली गेली होती. त्यामुळे शेठजींनी त्याच्या हाती कागद दिला. त्यात लिहिलं होतं, हे गाणं मी रचलं, ते वाजवायला आणि विकायला माझी हरकत नाही, आणि खाली भिकुबाईच्या अंगठ्याची जागा होती. अंगठा आल्याशिवाय तबकडी बाजारात जाणार नव्हती.

बापाने कागद मोठ्या मायसमोर धरला. "वहिनी, आठे अंगठा दे. गानं बठ्ठा मुलूख आयकी."

तिने सगळं नीट ऐकून घेतलं. "नही."

"कसाले नही?"

"तिन्हं लगीन व्हवानं शे. पुढला साले करसू. मंग लई जा."

गाण्यातल्या कौशीच्या लग्नासाठी थांबायचं, म्हणून बाप हसायला लागला. मग त्याला कळलं की ती थट्टा करत नाही. "वहिनी, कौशी गयी ना," तो म्हणाला. मोठी माय उठून आत गेली. आमच्या घरात ते वाक्य तोवर कुणी उच्चारलं नव्हतं.

शेठजींचा निरोप आला, कंपनी थांबायला तयार नाही. बापाची अन्नावरची वासना उडाली. जन्मभर त्याने दुसरं काही मागितलं नव्हतं, हेही मला मान्य आहे. पण पुढचं साल काही युगाने येणार नव्हतं! तेवढाही धीर त्याला निघाला नाही. एका दुपारी मोठी माय आणि आबा शेतात असताना त्याने चावडीवरून शाई मागून आणली. साक्षीला मेळ्यातले छगन आणि उखर्डू. त्याने माझ्या आईचा हात धरला.

"अक्कानं नाव, मन्हा अंगठा?" आई म्हणाली. मोठ्या मायला ती अक्का म्हणायची.

"कोन वळखस?" बाप म्हणाला, आणि अंगठा दाबला. छगन आणि उखर्डू खाली बघत होते. आईने तो अंगठा राखेने घासघासून धुतला. दुसऱ्या दिवशी तोच हात खुंट्यावर मोठ्या मायच्या हाताला लागून फिरत होता, आणि गाण्यात मोठी माय कौशीसाठी स्थळ बघत होती. आई नुसता खुंटा ओढत राहिली. नवऱ्यापुढे तिचं चालत नव्हतं, पण जावेजवळ बोलता आलं असतं.

तबकडी निघाली. गावात फोनो नव्हता, म्हणून बाप निर्धास्त होता. पण आम्ही तिघी मिरच्या घेऊन साक्रीच्या बाजाराला गेलो आणि हॉटेलातून बापाचा आवाज आला. कौशी बोरं वेचत होती. मोठी माय थबकली. मला वाटलं, आता चिडेल. ती चक्क हसली. आईने तिचा हात धरून ओढायला पाहिलं, तो सोडवून ती फोनोच्या जवळ गेली. कळशी झाली, भाकरी झाली, झोका झाला. ती ओठ हलवून बरोबर म्हणत होती. मग तिला ठाऊक नसलेली, बापाने रचलेली शेवटची ओळ आली.

"हळद लागनी कौशीले, नि चौघास्नी उचली तिले."

सुई खरखरत राहिली. हॉटेलातली माणसं डोळे पुसत होती. एक जण म्हणाला, पुन्हा लाव. हॉटेलवाल्याने पुन्हा लावलं आणि मोठी माय ते पुन्हा शेवटपर्यंत उभी राहून ऐकत होती.

घरी येईपर्यंत ती आमच्या पुढे चालत होती. अंगणात आली, रांजणातलं पाणी लुगड्यासकट डोक्यावरून घेतलं आणि ओलीच उभी राहिली. स्मशानातून आल्यावर घेतात तसं. आबा गोठ्यातून धावत आले.

"कोन गयं वं?"

"कौशी गयी," मोठी माय म्हणाली.

कौशी खरोखर गेली तेव्हा मोठी माय स्वतः देवीच्या तापात बेशुद्ध होती. तिने पोरीला जाताना पाहिलं नव्हतं, आंघोळ केली नव्हती, की रडली नव्हती. माझा बाप ओट्यावर होता. "वहिनी, ते नुसतं गानं शे," तो पुटपुटला. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती आबांच्या खांद्यावर डोकं टेकून पहिल्यांदा मोठ्याने रडली, आणि आमच्या दारात शेजारच्या बाया जमू लागल्या.