बेरिलमावशीचे ओठ

ग्लेनिस ऑर्मरॉडने पन्नाशी उलटल्यावर पीएच.डी.ला नाव घातलं, तेव्हा उत्तर इंग्लंडातल्या बर्नली गावातली तिची गल्ली तोंडाला पदर न लावता उघड हसली. शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलणारी बाई! मी विद्यापीठाच्या कार्यालयात कागद सरकवणारी. मला मात्र तिचा विषय ऐकताक्षणी आवडला.

व्हिक्टोरिया राणीच्या काळात आमच्या कापडगिरण्यांत मागांचा खडखडाट इतका, की विणकर बायका आवाज न काढता, नुसते ओठ नि चेहरा ताणून बोलत. चहाड्या, सोयरिकी, शिव्या, सगळं. ग्लेनिसची बेरिलमावशी ही बोली आपल्या आजीकडून शिकली होती, आणि आजी राणीच्या काळात मागावर उभी राहिलेली. मावशी आता नव्वदीपार. ती बोलत असताना तिचं चित्रण करायचं आणि जुन्या कागदांशी ताडून पाहायचं, असा ग्लेनिसचा बेत होता. इतिहास, भाषा, नाट्य, तिन्ही एकत्र.

म्हणजे दोन घरचा पाहुणा उपाशी, इथे तर घरं तीन. जिवंत माणसाचं चित्रण करायला विद्यापीठाच्या समितीची परवानगी लागते. समिती विचारी, अर्ज कुठल्या विभागाचा?

"माझ्याकडे मेलेली माणसं असतात," इतिहासाचे प्राध्यापक म्हणाले. "जिवंत मावशी भाषावाल्यांकडे न्या."

भाषेच्या बाईंनी तिला नाट्यवाल्यांकडे धाडलं, त्यांनी परत इतिहासाकडे. मला संताप यायचा, पण माझ्या संतापाला विचारतो कोण? तेवढ्यात उन्हाळ्याची सुट्टी लागली.

"अगं, तुझीच मावशी ना?" मी ग्लेनिसला म्हटलं. "चहा पिताना मोबाइल धर समोर आणि हो मोकळी!"

"परवानगीआधी केलेलं चित्रण प्रबंधात चालत नाही. आणि लबाडी होते ती."

आमची माणसं अशीच. घराला आग लागली तरी बंबासमोर रांग लावतील.

मावशी दर रविवारी टोमणा मारायची. "कधी काढतेस गं माझा सिनेमा? केस कुरळे करून बसलेय मी."

"कागद यायचाय, मावशी."

"कागदाआधी मलाच वरून बोलावणं येईल."

"गप गं! तू आम्हा सगळ्यांना पोचवून जाशील."

मावशी गेली नाही. पण पानगळीच्या सुमारास तिला झटका आला. अर्धा चेहरा ओघळला, बोलणं बोबडं झालं.

त्यानंतर परवानगी आली. तिन्ही विभागांनी मिळून दिलेली, वर कौतुकाच्या दोन ओळी. कागद घेऊन मीच ग्लेनिसबरोबर मावशीकडे गेले. मावशीने खरंच केस कुरळे करून घेतले होते. ग्लेनिसने कॅमेरा लावला आणि आवाज न काढता, ओठ ताणून काहीतरी विचारलं.

मावशीला सगळं समजलं. डोळे कसे चमकले तिचे! तिने उत्तर द्यायला तोंड हलवलं. उजवी बाजू ताणली गेली, डावी तशीच लोंबत राहिली.

"परत सांग, मावशी."

मावशीने परत सांगितलं. मग आणखी एकदा, मान पुढे काढून, सगळा जीव एकवटून. शेवटी तिने तोंडावर हात धरला नि ती खिडकीकडे पाहू लागली.

"काय म्हणाल्या गं?" मी हळूच विचारलं.

"मला नाही कळलं," ग्लेनिस म्हणाली.